टॅली जुळलं म्हणजे हिशेब बरोबर? वाणिज्य शिक्षकांना सॉफ्टवेअर नेमकं किती यायला हवं?

तेरीज

बारावीच्या पुस्तपालन व लेखाकर्मात संगणकीय लेखांकनाचं प्रकरण अगदी शेवटी येतं. ८० गुणांचा लेखी पेपर आणि २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन यांच्या धावपळीत ते बहुतेक ठिकाणी वाचून दाखवलं जातं. दुसरीकडे शिक्षकांसाठीच्या प्रशिक्षणात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात: एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल, एफ ८ सेल्स, एफ ९ परचेस. हे पाठ होतं, प्रमाणपत्रही मिळतं, आणि वर्गात मात्र काही बदलत नाही.

माझं म्हणणं असं की वाणिज्य शिक्षकाचं डिजिटल कौशल्य बटणांमध्ये नाही. सॉफ्टवेअरचं उत्तर पुस्तकातल्या उत्तरापेक्षा कुठे आणि का वेगळं येतं, हे ज्याला सांगता येतं त्याला ते सॉफ्टवेअर येतं.

टॅलीचंच घ्या. नावे आणि जमा सारखे झाल्याशिवाय ते व्हाउचर (व्यवहाराची नोंद) स्वीकारतच नाही. म्हणजे हाताने तेरीज (सर्व खात्यांच्या नावे-जमा शिल्लकांची यादी) मांडताना ज्या एकतर्फी चुका सापडायच्या, त्या इथे होतच नाहीत. उरतात त्या मुख्यतः तत्त्वाच्या चुका, म्हणजे रक्कम चुकीच्या प्रकारच्या खात्यात किंवा गटात टाकणं, आणि त्या तेरीज जुळल्यामुळे झाकल्या जातात. (सुरुवातीच्या शिल्लका चुकल्या तर 'डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस' अशी ओळ दिसते, तेवढाच अपवाद.) म्हणून मुलांना कोरी कंपनी (टॅलीतला हिशेबाचा संच) देण्याऐवजी मुद्दाम चुका पेरलेली कंपनी द्यावी. तीन चुका पुरतात:

मजुरी १८,००० रुपये 'डायरेक्ट'ऐवजी 'इनडायरेक्ट एक्स्पेन्सेस' गटात. ढोबळ नफा १८,००० ने फुगतो, निव्वळ नफा तोच राहतो.

मालकाची उचल १२,००० रुपये 'कॅपिटल अकाउंट'ऐवजी 'इनडायरेक्ट एक्स्पेन्सेस'मध्ये. निव्वळ नफा १२,००० ने घटतो, पण भांडवलातून उचल वजा होत नाही, त्यामुळे ताळेबंदाची बेरीज जराही हलत नाही. मुलं इथेच सर्वात जास्त अडतात, आणि अडायलाच हवीत.

यंत्र बसवण्याची मजुरी ५,००० रुपये यंत्राऐवजी मजुरी खात्यावर. हिचा गट १८,००० च्या चुकीबरोबर सरमिसळ होऊ नये म्हणून हे खातं वेगळ्या नावाने, 'डायरेक्ट एक्स्पेन्सेस'मध्येच ठेवा. दोन्ही नफे ५,००० ने कमी आणि मालमत्ताही ५,००० ने कमी.

पहिल्या दोन चुका चार्ट ऑफ अकाउंट्समध्ये जाऊन त्या खात्याचा 'अंडर' बदलला की एका झटक्यात सुटतात. तिसरी तशी सुटत नाही, रक्कम यंत्राच्याच खात्यावर जायला हवी, म्हणून तिला जर्नल व्हाउचर लागतं. चूक दुरुस्तीच्या प्रकरणातला अवघड भाग नेमका हाच आहे.

ज्यांना जे सॉफ्टवेअर नीट येतं त्यांनी त्यातल्या अशा अडचणी पायऱ्यांसकट लिहाव्यात, ही विनंती.

---

लॅबकिल्ली

चांगला धागा. आधी लॅबची बाजू लिहितो, कारण अर्धे तास तिथेच वाया जातात.

परवाना नसेल तर टॅलीप्राइम 'एज्युकेशनल मोड'मध्ये चालतं. त्यात व्हाउचर फक्त महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेला नोंदवता येतात. पुस्तकातलं उदाहरण ५, ११, १८ अशा तारखांचं असतं. मुलगा ५ टाकतो, तारीख स्वीकारली जात नाही, आणि संगणक बिघडला असं समजून हात वर करतो. म्हणून उदाहरण छापतानाच तारखा बदलून द्या: महिन्याच्या पूर्वार्धातले व्यवहार १ तारखेला, उत्तरार्धातले २ तारखेला. ३० दिवसांच्या महिन्यांचा घोळ नको म्हणून ३१ शक्यतो टाळाच. मूळ तारीख 'नॅरेशन'मध्ये, म्हणजे नोंदीखालच्या टिपेत, लिहायला लावा, त्या निमित्ताने नॅरेशन लिहायची सवय लागते. घसारा किंवा व्याज महिन्यांवर अवलंबून असेल तर मात्र आकडेमोड मूळ तारखेवरूनच करायची, हे फळ्यावर लिहून ठेवा.

जुन्या लॅबमध्ये ३२ बिट विंडोज असेल तर नवं टॅलीप्राइम चढणार नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येक मशीन तपासा.

आवृत्ती सगळीकडे एकच ठेवा. ३.० किंवा पुढच्या आवृत्तीत बनवलेली कंपनी त्याआधीच्या आवृत्तीत उघडत नाही. शिक्षकाच्या घरच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती आणि लॅबमध्ये जुनी, असं असलं की पेनड्राइव्हवर आणलेला डेटा ऐन तासाला दगा देतो.

डेटा कुठे पडतो तेही माहीत हवं. प्रत्येक कंपनीचं १०००० किंवा १०००१ असं आकडी नावाचं फोल्डर तयार होतं, कंपनीच्या नावाचं नाही. दोन तुकड्या एकच मशीन वापरत असतील तर तुकडीनिहाय वेगळं डेटा फोल्डर करा आणि कंपनीच्या नावात हजेरी क्रमांक घाला. तास संपताना ऑल्ट+वाय दाबून बॅकअप. शेवटची सात मिनिटं त्यासाठीच राखून ठेवावीत.

---

व्यापारखाते

तेरीज सर, पुस्तक आणि टॅली यांच्यातला फरक म्हणालात, तर सर्वात जास्त प्रश्न अखेरच्या साठ्यावर येतात.

पुस्तकात समायोजनेत लिहिलेलं असतं 'अखेरचा साठा ४०,०००' आणि आपण त्याचे दोन परिणाम शिकवतो. टॅलीत मूल जर्नल व्हाउचर उघडतं आणि साठ्याचं खातं शोधतं. यादीत ते सापडतच नाही, कारण 'स्टॉक इन हँड' गटातली खाती व्हाउचरमध्ये दिसत नाहीत. मग ते 'करंट अॅसेट्स'खाली नवं खातं उघडून मोकळं होतं आणि व्यापार खातं बिघडतं.

बरोबर पद्धत: एफ ११ मध्ये 'इंटिग्रेट अकाउंट्स विथ इन्व्हेंटरी' हे 'नो' करा (पर्याय दिसत नसेल तर तिथेच 'शो मोअर फीचर्स' चालू करा). मग 'स्टॉक इन हँड'खाली साठ्याचं खातं उघडा, सुरुवातीची शिल्लक भरा आणि त्याच खात्यात 'क्लोजिंग बॅलन्स'पुढे ३१ मार्च ही तारीख आणि ४०,००० टाका. नफातोटा आणि ताळेबंद दोन्हीकडे आकडा आपोआप येतो. 'यस' ठेवलंत तर टॅली हा आकडा वस्तूंच्या नोंदींवरून काढतं आणि तुम्ही भरलेल्याकडे बघतही नाही. 'सर, क्लोजिंग स्टॉक शून्य येतोय' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

दुसरं, आर.डी.डी., म्हणजे बुडीत व संशयित कर्जासाठीची तरतूद. पुस्तकात ते ऋणकोंमधून वजा दाखवतो. टॅलीत 'प्रोव्हिजन्स' गटात घातलं तर ते दायित्वांच्या बाजूला जातं. लेखांकन चुकत नाही, पण ताळेबंदाची बेरीज पुस्तकापेक्षा मोठी येते आणि मुलांना वाटतं आपलं चुकलं. पुस्तकासारखी बेरीज हवी असेल तर हे खातं 'संड्री डेटर्स'खाली उघडा आणि 'बिल बाय बिल' बंद ठेवा. जमा शिल्लक गटातूनच वजा होते.

तिसरं, भागीदारी. भांडवलावरील व्याज, भागीदाराचा पगार, नफावाटणी यांपैकी काहीही टॅली स्वतःहून करत नाही, सगळं जर्नलनेच करावं लागतं. भागीदारांची चालू खाती 'कॅपिटल अकाउंट'खाली हाताने उघडावी लागतात. 'करंट' हा शब्द बघून मुलं ती 'करंट अॅसेट्स' नाहीतर 'करंट लायबिलिटीज'मध्ये टाकतात, तिथे लक्ष ठेवा.

टॅलीत मुळात २८ गट असतात, १५ मुख्य आणि १३ उपगट. हे २८ गट आणि पुस्तकातली ४० नेहमीची खाती यांच्या जोड्या लावण्याचा एक अख्खा तास, तोही संगणकाशिवाय, आधी घेतलात तर पुढचे चार तास सुरळीत जातात.

---

कोरीवही

इथे सगळं इंग्रजी पडद्याचं चाललंय. मराठी माध्यमाच्या मुलांना 'आउटस्टँडिंग' आणि 'प्रीपेड' यांतच गोंधळ होतो. त्यांच्यासाठी काय करायचं? आणि जुन्या प्रश्नपत्रिका सगळ्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, गुगल फॉर्ममध्ये चिकटवल्या की नुसती चित्रविचित्र अक्षरं उमटतात.

---

बोरूटाक

कोरीवही ताई, दोन्हींवर उपाय आहे.

टॅलीत प्रत्येक खात्याला 'एलियस' म्हणजे दुसरं नाव देता येतं. मुख्य नाव इंग्रजी आणि एलियस 'देय मजुरी', 'पूर्वदत्त विमा' असं. व्हाउचरमध्ये दोन्हींपैकी कुठल्याही नावाने खातं सापडतं. पुढे नोकरीत इंग्रजी नावंच समोर येणार असल्याने मुख्य नाव इंग्रजीच ठेवावं.

फॉन्टचं कारण असं. श्रीलिपी, कृतिदेव यांच्या जुन्या फाइलींमध्ये आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट गेला की रूप गेलं. युनिकोडमध्ये मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं. त्यामुळे जुना मजकूर आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणायचा आणि मगच फॉर्ममध्ये. परिवर्तकात रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार हमखास चुकतात. 'खर्च', 'मूल्य', 'स्थिर' हे शब्द शोधून तपासले की परिवर्तन किती बरं झालंय ते लगेच कळतं.

कागदच हातात असेल तर स्कॅनची पीडीएफ गुगल ड्राइव्हवर चढवा आणि 'ओपन विथ' मधून गुगल डॉक्समध्ये उघडा. मराठी मजकूर बऱ्यापैकी उचलला जातो. पण तेरजेचा तक्ता उचलत नाही: नावे आणि जमा रकाने एकमेकांत मिसळतात आणि आकडे ओळीखाली ओळ येतात. तक्ता हातानेच टंकित करा. नुसतं वाचून दुरुस्त करायला गेलात तर एखादा आकडा चुकीच्या रकान्यात राहून जातो आणि अख्खी तेरीज न जुळणारी छापली जाते.

टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्ड मांडणी शिकलात तर उत्तम, नाहीतर विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्डही चालतो.

---

रकाना

एक्सेलबद्दल. खरं सांगायचं तर शिक्षकाने एकच सॉफ्टवेअर खोलात शिकायचं ठरवलं तर ते एक्सेल असावं. टॅली उत्तर देतं, एक्सेलमध्ये उत्तराची रीत उघडी दिसते.

तारीख. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०४/२०२५ ही तारीख ४ मे म्हणून घेतली जाते आणि कुठलाही इशारा मिळत नाही. १३/०४/२०२५ मात्र मजकूर म्हणून डावीकडे चिकटून बसते, कारण तेरावा महिना नसतो. काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की समजायचं. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रदेश 'इंग्लिश (इंडिया)' करा आणि मगच नोंदी सुरू करा. आधीच भरलेल्या तारखा त्याने दुरुस्त होत नाहीत.

महिने मोजणे. यंत्र १ ऑक्टोबरला घेतलं, वर्ष ३१ मार्चला संपलं. आपण सहा महिने धरतो. 'डेटडिफ' फंक्शनला १ ऑक्टोबर आणि ३१ मार्च दिलं तर उत्तर येतं ५, कारण सहावा महिना पूर्ण व्हायला एक दिवस कमी पडतो. शेवटच्या तारखेत १ मिळवा, म्हणजे १ एप्रिल द्या, ६ येतात. ६७,००० च्या यंत्रावर १० टक्क्यांनी ३,३५० ऐवजी २,७९१.६७ आलं तर चूक इथेच आहे.

घटती शिल्लक पद्धत. 'डीबी' हे फंक्शन बघून बरेच शिक्षक ते वापरतात आणि उत्तर जुळत नाही. हे फंक्शन दर तुमच्याकडून घेत नाही. मूळ किंमत, अवशेष मूल्य आणि आयुष्य यांवरून ते स्वतः दर काढतं. किंमत १,००,०००, अवशेष १०,०००, आयुष्य ५ वर्षं दिलीत तर दर ३६.९ टक्के निघतो आणि पहिल्या वर्षाचा घसारा ३६,९०० येतो. आपल्या पुस्तकात दर दिलेलाच असतो. फंक्शनच वापरायचं तर 'डीडीबी' घ्या: अवशेष ०, आयुष्य १०, शेवटचा घटक १. त्यात दर म्हणजे घटक भागिले आयुष्य, म्हणजे १० टक्के. मिळतं १०,०००, मग ९,०००, मग ८,१००. पण वर्षाच्या मध्ये घेतलेल्या यंत्राला हे चालत नाही. त्यामुळे वर्गात साधी रीतच बरी: सुरुवातीची शिल्लक × दर × महिने ÷ १२, आणि पुढच्या ओळीत शिल्लक वजा घसारा. स्थिर हप्ता पद्धतीसाठी 'एसएलएन' बिनधास्त वापरा, ते पुस्तकाप्रमाणेच चालतं.

कॉपी थांबवणे. प्रत्येकाला वेगळा आकडा द्या. यंत्राची किंमत = ५०,००० + हजेरी क्रमांक × १,०००. हजेरी क्रमांक १७ ला ६७,००० चं यंत्र, पूर्ण वर्षांचा १० टक्के घसारा ६,७००, ६,०३०, ५,४२७. शिक्षकाच्या फाइलमध्ये सर्व क्रमांकांची उत्तरं एका सूत्रात खाली ओढली की तयार. मुलं एकमेकांना रीत विचारतील, आणि तेच हवंय.

लाख-कोटींचे स्वल्पविराम. कस्टम फॉरमॅटमध्ये हे टाका:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

ऋण आकड्यांना हे लागू पडत नाही, त्यांचे स्वल्पविराम हजार-दशलक्षाप्रमाणेच पडतात. तोटा दाखवायचा असेल तर विंडोजच्या प्रादेशिक मांडणीतच भारतीय गट निवडणं चांगलं. प्रश्नपत्रिकेसाठी आकडे देवनागरीत दिसायला हवे असतील तर [$-4000439]0 हा फॉरमॅट द्या. आकडा आत तसाच राहतो, बेरीज बिघडत नाही.

जुनं एक्सेल. 'एक्सलुकअप' २०२१ च्या आधीच्या एक्सेलमध्ये चालत नाही, लॅबमध्ये नुसतं 'नेम' एरर दिसतं. 'इंडेक्स' आणि 'मॅच' वापरा. लिब्रेऑफिसमध्ये 'एक्सलुकअप' २४.८ पासून आलं आहे. बँक जुळवणीसाठी 'मॅच' वापरताना धनादेश क्रमांक दोन्ही याद्यांत एकाच प्रकारचा असू द्या. मजकूर म्हणून आलेला ०००१२३ आणि अंक म्हणून आलेला १२३ हे 'मॅच'च्या लेखी वेगळे, म्हणून वटलेला धनादेशही न वटलेल्यांत दिसतो.

---

एकफळा

सगळं मान्य. पण वर्गात ६० मुलं, मशीन पाच, त्यातलं एक बंद. मुलांकडे आहे तो मोबाइल, आणि टॅली मोबाइलवर शिकता येत नाही. अशा ठिकाणच्या शिक्षकाने हे वाचून करायचं काय?

---

तेरीज

एकफळा सर, प्रश्न रास्त आहे. चुका पेरलेली कंपनी प्रोजेक्टरवर दाखवूनही हाच तास होतो. व्यापार खातं, नफातोटा आणि ताळेबंद आधी छापून वाटा, मुलांना चूक कागदावर शोधू द्या आणि दुरुस्तीचा अंदाज लिहून घ्या: ढोबळ नफा किती होईल, ताळेबंद हलेल का. मग एका मुलाला बोलावून गट बदलायला लावा आणि पडद्यावर आकडे बदलताना सगळ्यांना बघू द्या. अंदाज आधी लिहून घेणं महत्त्वाचं. नाहीतर पडद्यावरचं उत्तर बघून सगळे मान डोलावतात.

मोबाइलवर सरावासाठी फॉर्म. त्यावर प्रश्नपेढी यांनी लिहावं, त्यांचं फॉर्मवरचं प्रभुत्व इथे सगळ्यांना माहीत आहे.

---

प्रश्नपेढी

लिहिते.

गुगल फॉर्म बनवणं दहा मिनिटांचं काम आहे, चांगले पर्याय लिहिणं हे खरं काम. चुकीचा पर्याय हा मुलाच्या विशिष्ट चुकीतून आला पाहिजे. उदाहरण: भागीदाराची उचल २४,०००, उचलीवरील व्याज १० टक्के, तारीख दिलेली नाही. पर्याय असे:

१,२०० (बरोबर, सरासरी सहा महिने)
१,३०० (दरमहा सुरुवातीला उचल धरली, साडेसहा महिने)
१,१०० (दरमहा अखेरीस धरली, साडेपाच महिने)
२,४०० (पूर्ण वर्ष धरलं)

आता उत्तरांच्या सारांशातला आलेख बघितला की कळतं, वर्गाला नक्की काय समजलेलं नाही. २,४०० जास्त असतील तर सरासरीची कल्पनाच पुन्हा शिकवायची. १,३०० जास्त असतील तर कल्पना समजलीय, प्रश्न नीट वाचला नाही. ९००, १,७५० असे मनाला येतील ते पर्याय टाकले तर हा आलेख काहीच सांगत नाही.

सेटिंगमधल्या अडचणी:

'शफल ऑप्शन ऑर्डर' चालू केलंत तर 'वरीलपैकी सर्व' हा पर्याय मध्ये कुठेतरी जाऊन बसतो. तो पर्यायच ठेवू नका, किंवा त्या प्रश्नाला शफल बंद ठेवा.

आकडा टाइप करायचा प्रश्न असेल तर १२५००, १२,५०० आणि रु. १२५०० ही तीन वेगळी उत्तरं ठरतात आणि बरोबर मुलाला शून्य मिळतं. प्रश्नाच्या तीन टिंबांतून 'रिस्पॉन्स व्हॅलिडेशन' घ्या, 'रेग्युलर एक्स्प्रेशन', 'मॅचेस' आणि पुढे ^[0-9]+$ लिहा. शेजारच्या चौकटीत सूचना: 'फक्त इंग्रजी अंक, स्वल्पविराम नको'. ही सूचना हवीच, कारण मराठी कीबोर्डवरून आलेले देवनागरी अंक या सूत्रात बसत नाहीत आणि मुलाला अडकण्याचं कारणच कळत नाही.

गुण 'आफ्टर मॅन्युअल रिव्ह्यू' वर ठेवा. लगेच दाखवले तर पहिल्या मुलाचा स्क्रीनशॉट पाच मिनिटांत वर्गाच्या ग्रुपवर असतो.

'लिमिट टू १ रिस्पॉन्स' चालू केलं की गुगल लॉगिन सक्तीचं होतं. घरात एकच फोन आणि दोघं भावंडं असतील तर दुसऱ्याला फॉर्म भरता येत नाही. तिथे ते बंद ठेवून हजेरी क्रमांक अनिवार्य करा आणि दुहेरी नोंदी शीटमध्ये 'काउंटइफ'ने शोधा.

गुगल क्लासरूममध्ये एक्सेलचा तक्ता द्यायचा असेल तर 'मेक अ कॉपी फॉर ईच स्टुडंट' हे असाइनमेंट पाठवायच्या आधीच निवडा. नंतर बदलता येत नाही, आणि 'एडिट' वर पाठवलंत तर सगळा वर्ग एकाच तक्त्यावर लिहितो.

---

घटतीशिल्लक

रकाना यांच्या हजेरी क्रमांकाच्या युक्तीला जोड. महाविद्यालयाचं मूडल (ऑनलाइन अध्यापनाची प्रणाली) असेल तर त्यातला 'कॅल्क्युलेटेड' प्रश्नप्रकार बघा. प्रश्नात आकड्यांच्या जागी महिरपी कंसात चलाची नावं लिहायची, उत्तरात सूत्र, आणि प्रत्येक चलाची मर्यादा द्यायची (किंमत ४०,००० ते ९०,०००, दर ५ ते १५). प्रत्येकाला वेगळे आकडे मिळतात आणि तपासणी आपोआप होते. चलांची नावं रोमन लिपीतच द्या. 'टॉलरन्स' मात्र डोळ्यांत तेल घालून भरा. मूळ सेटिंगमध्ये ते सापेक्ष असतं. रुपयांत मोजायचं असेल तर 'नॉमिनल' निवडून १ ठेवा, म्हणजे पैशांच्या फरकाने कुणाचे गुण जात नाहीत.

ज्यांना एवढं नको त्यांनी रकाना यांचीच पद्धत धरावी. परिणाम जवळपास तोच.

---

लॅबकिल्ली

जीएसटीचं राहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास संपले. मुख्य दर ५ आणि १८ राहिले, ठरावीक वस्तूंवर ४०. बाजारातल्या टॅलीच्या सराव पुस्तिकांमध्ये अजून १२ आणि २८ चीच उदाहरणं आहेत. त्या तारखेच्या आधीचे व्यवहार म्हणून ती सोडवली तर चूक नाही, पण बिलाची तारीख आणि दर जुळतोय का ते बघून घ्या.

टॅलीत कर खाती 'ड्यूटीज अँड टॅक्सेस'खाली, करप्रकार जीएसटी, आणि केंद्र, राज्य, एकात्मिक अशी तीन वेगळी. कर पडत नसेल किंवा चुकीचा पडत असेल तर आधी पक्षकाराच्या खात्यातलं राज्य तपासा. मुंबईच्या कंपनीने पणजीच्या ग्राहकाला माल विकला तर एकात्मिक, नागपूरच्या ग्राहकाला विकला तर केंद्र आणि राज्य निम्मे निम्मे. ही दोन बिलं पाठोपाठ करून दाखवा. सरावात खऱ्या दुकानाचा जीएसटी क्रमांक वापरू नका, पक्षकार 'अनरजिस्टर्ड' ठेवला की क्रमांक लागतच नाही.

---

कोरीवही

बोरूटाक, एलियसची कल्पना फारच उपयोगी, आभार. चॅटजीपीटीकडून उदाहरणं बनवून घेतली तर चालतील का? वेळ वाचेल असं वाटतं.

---

रकाना

उदाहरणाची भाषा आणि पार्श्वभूमी घ्या, आकडे पारखल्याशिवाय घेऊ नका. तेरीज मागितली की ती दिसायला नीट येते, पण दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळतीलच असं नाही. एक्सेलमध्ये चिकटवा आणि नावे बेरीज वजा जमा बेरीज शून्य येते का बघा. चिकटवलेले आकडे कधी मजकूर म्हणून येतात आणि 'सम' त्यांना मोजतच नाही, म्हणून 'इजनंबर'ने आधी खात्री करा. मजकूर असतील तर तो रकाना निवडून 'टेक्स्ट टू कॉलम्स' आणि थेट 'फिनिश', बहुतेक वेळा तेवढ्याने अंक होतात.

दुसरी गोष्ट, आपल्या पुस्तकाचे संकेत त्याला सांगावे लागतात. तारीख नसलेल्या उचलीवर सहा महिने, आर.डी.डी. ऋणकोंमधून वजा, ताळेबंदात डावीकडे दायित्वं. हे सांगितलं नाही तर उत्तर वेगळ्याच पद्धतीने मांडून येतं आणि मुलं दोन पद्धतींची सरमिसळ करतात.

---

व्यापारखाते

तेरीज सरांच्या पहिल्या पोस्टमधल्या एका गोष्टीला हरकत घेते. गट बदलला की पहिल्या दोन चुका झटक्यात सुटतात हे खरं, पण मुलांना तेवढंच दाखवलं तर 'मूळ नोंद बदलून टाकायची' अशी सवय लागते. कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे, आणि टॅलीची 'एडिट लॉग' आवृत्ती त्याच कारणाने आली. तिच्यात व्हाउचर बदललं की आधी काय होतं आणि कुणी बदललं ते दिसतं. तिसऱ्या चुकीसाठी मूळ व्हाउचर उघडून दुरुस्त करता येतंच, तरी करू द्यायचं नाही. यंत्र खाते नावे ५,०००, मजुरीचे ते वेगळे खाते जमा ५,०००, अशी जर्नल नोंदच करून घ्यावी.

---

तेरीज

मॅडम, मान्य. मग क्रम असा ठेवता येईल: आधी तिन्ही चुकांच्या दुरुस्ती नोंदी वहीत. पहिली चूक वहीत लिहायला गेलं की मुलांच्या लक्षात येतं की तिला नोंदच नाही. खातं मजुरीचंच आहे, फक्त मांडणीत चुकीच्या जागी गेलं आहे. उचलीच्या बाबतीत दोन शक्यता निघतात: खात्याचं नाव 'उचल' असून गट चुकला, की रक्कम 'किरकोळ खर्च' खात्यावरच पडली. दुसऱ्या प्रकाराला नोंद लागते. फाइलमध्ये दोन्ही प्रकार ठेवतो, म्हणजे चार चुका होतील.

---

प्रश्नपेढी

निकालाबद्दल एक महत्त्वाचं. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं १८ वर्षांखालची असतात आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशा मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरली आहे. फॉर्ममध्ये जन्मतारीख, आधार, पत्ता असलं काही मागू नका. हजेरी क्रमांक आणि तुकडी पुरते. 'व्ह्यू रिझल्ट्स समरी' बंद ठेवा, नाहीतर फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला इतरांची उत्तरं दिसतात. गुणांची शीट 'एनीवन विथ द लिंक' वर ठेवून ग्रुपवर टाकणं तर पूर्ण बंद करा. ज्याचे गुण त्याला फॉर्ममधूनच 'रिलीज स्कोअर्स' करून ईमेलवर जातात. त्यासाठी फॉर्म पाठवण्याआधी 'कलेक्ट ईमेल अॅड्रेसेस' चालू असावं लागतं. उत्तरं आल्यावर चालू करून उपयोग नाही.

तेरीज सर, चार चुकांची फाइल तयार झाली की तारखा १ आणि २ च ठेवा, म्हणजे एज्युकेशनल मोडमध्येही दुरुस्ती नोंद करता येईल.